मावशींकडे पोलिसांचा दाखला मागायचा कसा?

या वेळचं पत्र डोंबिवलीहून एका ताईंचं आहे. नाव अर्थातच देत नाही. पत्र लांब आहे, त्यातला गाभा त्यांच्याच शब्दांत:

‘मी सात वर्षांपासून राहत्या घरी पाळणाघर चालवते. सध्या बारा मुलं आहेत. सगळ्यांत लहान दहा महिन्यांचं, मोठी साडेपाच वर्षांची. हाताखाली दोघीजणी आहेत. मावशी पहिल्या दिवसापासून आहेत, दुसरी चार महिन्यांपूर्वी लागली. माझे मिस्टर घरूनच काम करतात, मुलगा कॉलेजला आहे, त्यामुळे घरात सोबत असते. संध्याकाळी चार मुलांना रिक्षावाले काका घरी सोडतात. मागच्या महिन्यात एका नव्या पालकांनी विचारलं, तुमच्या बायकांचं पोलीस व्हेरिफिकेशन झालंय का? झालं नसेल तर करून घ्या आणि दाखले ग्रुपवर टाका. मावशींना सांगितलं तर त्यांनी डोळ्याला पदर लावला. म्हणाल्या, सात वर्षं पोरांचं शी-शू काढलं, आता मी चोर आहे का ते पोलिसांना विचारून येऊ? दोन दिवस कामावर आल्याच नाहीत. दुसरीनं मात्र आपणहून सांगितलं, की भावजयीनं घातलेल्या ४९८-अ च्या केसमध्ये तिचंही नाव आहे आणि केस अजून चालू आहे. कामाला ती अतिशय चांगली आहे, मुलांना तिचा लळा आहे. पण उद्या पालकांना कळलं तर? तिला काढून टाकू का? आणि मावशींना कोणत्या तोंडानं विचारू?’

ताई, आधी सरळ उत्तर देते. दाखला घ्यायचाच आहे. पालकांनी विचारलं म्हणून नाही, त्यांनी विचारलं नसतं तरी घ्यायचा होता. मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा पॉक्सो कायदा २०१२ चा. त्याखालचे २०२० चे जे नियम आहेत, त्यात शाळा, क्रीडा अकादमी यांच्या बरोबरीनं पाळणाघराचा उल्लेख आहे. मुलांशी संबंध येणारा प्रत्येक कर्मचारी, मग तो कायम असो की कंत्राटी, शिकवणारा असो की झाडू मारणारा, त्याची पोलीस पडताळणी करायची, आणि ती ठरावीक काळानं पुन्हा करायची, असं तो नियम सांगतो. राहत्या घरातलं पाळणाघर लहान म्हणून त्यातून सुटत नाही. बदलापूरच्या शाळेत दोन लहान मुलींवर झालेल्या अत्याचारानंतर ऑगस्ट २०२४ मध्ये राज्य सरकारनं शाळांसाठी आदेश काढून कर्मचाऱ्यांच्या चारित्र्य पडताळणीची आठवण करून दिली. तिथला आरोपी नुकताच कंत्राटावर कामाला लागलेला होता आणि मुली जेमतेम बालवर्गातल्या होत्या, हे तुम्हाला सांगायला नको. डोंबिवलीहून बदलापूर ते किती लांब! तुमच्याकडे येणाऱ्या पालकांच्या पोटात तेव्हापासून जो गोळा आलाय, तो तुम्ही रोज सकाळी दारात बघत असाल.

आता मावशी. त्यांचं रडणं मला पत्रातूनही ऐकू आलं. सात वर्षं दुसऱ्यांच्या मुलांना भरवलं, त्यांचे ताप काढले, आणि एका सकाळी कळलं की आपल्याला पोलीस ठाण्याची पायरी चढायचीय. आपल्याकडे बाईमाणसानं चौकीत जाणं ही अजूनही शेजारपाजारी कुजबुज व्हावी अशी गोष्ट आहे. त्यांना लागणारच.

पण तुमचं पत्र मी दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा एक गोष्ट दिसली. तुमच्या घरात मुलांच्या आसपास सहा मोठी माणसं वावरतात. तुम्ही, मिस्टर, मुलगा, रिक्षावाले काका आणि या दोघी. दाखला मागितला गेला फक्त दोघींकडे, ज्या पगारी आहेत आणि तुमच्यापेक्षा गरीब आहेत. मावशींना नेमकं हेच बोचलं असणार. पोलिसांचं नाव निघाल्यापेक्षा, घरातल्या बाकी कोणाला कोणी विचारलं नाही, याचा तो अपमान आहे. आणि त्या बरोबर आहेत. रागावू नका, तुमच्या घरच्यांवर मी बोट ठेवत नाही. पण मिस्टर आणि मुलगा घरात असतात, ‘त्यामुळे सोबत असते’ असं तुम्ही लिहिलंय ना, एखाद्या आईला तेच वाक्य वाचून दुसरा प्रश्न पडेल, आणि तो विचारायचा तिला पूर्ण हक्क आहे. नियमात शब्द ‘कर्मचारी’ असा असेल, मुलांना तो फरक कळत नाही.

म्हणून सुरुवात स्वतःपासून करा. पहिला अर्ज तुमचा, दुसरा मिस्टरांचा, तिसरा मुलाचा. ते तिघांचे कागद टेबलावर ठेवा आणि मग मावशींशी बोला. ‘मावशी, आपण सगळेच चाललोय, तुम्हीही चला’ या वाक्यात आणि ‘तुमचा दाखला आणा’ या वाक्यात केवढं अंतर आहे! स्वतः बरोबर जा. अर्जाचे पैसे तुम्ही भरा आणि त्या दिवसाचा पगार कापू नका.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. मी बावीस वर्षं बालवाडीत काम केलं. तेव्हा आमच्याकडे ‘अमक्या बाईंच्या ओळखीतला आहे’ हाच दाखला असायचा. असाच ओळखीतून एक माणूस बागेच्या कामाला आला होता. मृदू बोलायचा, खिशात लिमलेटच्या गोळ्या असायच्या, मुलं त्याच्यामागे असायची. एक चार वर्षांची मुलगी अचानक मागच्या नळाकडे जायला नको म्हणायला लागली. हात धुवायला नेलं की माझ्या साडीच्या निऱ्या मुठीत धरून ठेवायची, इतक्या घट्ट की सुरकुत्या दिवसभर जात नसत. आम्ही म्हटलं, लाजाळू झालीय, नवं भावंड आलंय ना घरी. पुढे तो माणूस काम सोडून गेला. काय झालं होतं, काही झालं होतं की नाही, मला आजही माहीत नाही. आम्ही कोणी विचारलंच नाही, मुलीलाही नाही आणि त्याच्या गावीही नाही. आज पन्नाशीपुढच्या वयात कधी साडीच्या निऱ्या करताना ती मूठ आठवते. तुमच्यावर ही वेळ येऊ नये म्हणून एवढं लिहिते आहे.

आता कामाचं. महाराष्ट्र पोलिसांकडे चारित्र्य पडताळणीचा अर्ज ऑनलाइन करता येतो. फोटो, आधार, पत्त्याचा पुरावा आणि कशासाठी हवाय याचं तुमचं पत्र जोडायचं. ज्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत माणूस राहतो, तिथून चौकशी होते. ठाण्याबाहेर ‘दोन दिवसांत करून देतो’ म्हणणारे भेटतात, त्यांच्या नादी लागू नका, असल्या दाखल्याला रद्दीची किंमत.

अर्ज भरताना एका गोष्टीकडे फार लक्ष द्या, ती म्हणजे नाव. आपल्याकडे बाईचं लग्न झालं की आडनाव बदलतं, मधलं नाव बदलतं, मावशींच्या पिढीत तर कित्येकींचं पहिलं नावही सासरी बदलून टाकलं. आधारवर जे नाव आहे, ते त्यांच्या अर्ध्याच आयुष्याचं. माहेरचं नाव, माहेरचं गाव, मुंबईला कधी आल्या, आधी कुठे राहिल्या, सगळं अर्जात येऊ द्या. शाळा सोडल्याचा दाखला असेल तर उत्तम. रिक्षावाले काका दुसऱ्या जिल्ह्यातून किंवा परराज्यातून आलेले असतील तर मूळ पत्ता नक्की घाला, एकट्या डोंबिवलीच्या ठाण्याला त्यांच्या गावचं काय माहीत असणार?

नावाचा हा मुद्दा किरकोळ वाटेल, म्हणून इंग्लंडमधली एक गोष्ट सांगते. २००२ च्या ऑगस्टमध्ये सोहम नावाच्या छोट्या गावात दहा वर्षांच्या दोन मुलींचा खून झाला. करणारा तिथल्या एका शाळेचा केअरटेकर. आधी तो ज्या भागात राहत होता तिथल्या पोलिसांकडे त्याच्याविरुद्ध लैंगिक अत्याचाराच्या तक्रारी एकामागून एक आल्या होत्या, पण ती माहिती नव्या गावापर्यंत पोहोचलीच नाही. मधल्या काळात तो आईच्या माहेरचं आडनाव लावत होता आणि नोकरीच्या वेळी जुन्या आडनावानं नीट शोधच झाला नाही, हे पुढे चौकशीत बाहेर आलं. सर मायकेल बिचर्ड यांच्या समितीनं २००४ मध्ये अहवाल दिला, आणि आज तिथे मुलांबरोबर काम करणाऱ्यांची जी कडक तपासणी होते तिची मुळं त्या अहवालात आहेत. एका आडनावानं केवढं काही झाकलं गेलं.

आपल्याकडेही केंद्र सरकारनं सप्टेंबर २०१८ मध्ये लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंदवही सुरू केली. सुरुवातीलाच तिच्यात सुमारे ४ लाख ४० हजार नोंदी होत्या. पण ती फक्त पोलीस आणि तपास यंत्रणांना पाहता येते, तुम्हा-आम्हाला नाही. म्हणून पोलिसांमार्फत जाण्याला पर्याय नाही. शेजाऱ्यांकडे केलेली विचारपूस तिची जागा घेऊ शकत नाही.

पण विचारपूसही सोडू नका. कोरा दाखला याचा अर्थ एवढाच, की या नावावर नोंद सापडली नाही. ज्याची तक्रार कधी झालीच नाही, त्याचाही दाखला कोराच येतो. आणि मुलांच्या बाबतीत तक्रार होत नाही हेच तर मोठं दुखणं आहे. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयानं २००७ मध्ये १३ राज्यांतल्या बारा हजारांहून अधिक मुलांशी बोलून केलेल्या पाहणीत दिसलं होतं, की अत्याचार करणाऱ्यांपैकी निम्मे मुलांच्या ओळखीचे, विश्वासातले होते, आणि बहुतेक मुलांनी कोणालाच काही सांगितलं नव्हतं. तेव्हा नवीन माणूस घेताना आधीच्या दोन ठिकाणी स्वतः फोन करा. ‘कशी होती हो?’ असं विचारलं की सगळे ‘चांगली होती’ म्हणतात. त्याऐवजी विचारा, ‘तुमच्याकडे आज लहान मूल असतं तर तिला परत ठेवलं असतं का?’ उत्तराआधी समोरचा किती थांबतो ते ऐका.

आता तुमच्या दुसऱ्या मदतनीस ताईंबद्दल. तिला लगेच काढू नका.

४९८-अ, म्हणजे नव्या न्याय संहितेतलं कलम ८५, सासरच्या छळाचं कलम आहे. बायकांना त्याचा आधार आहे आणि तो राहायलाच हवा. पण घरातल्या नणंदेचं, दिराचं, कधीकधी लांब राहणाऱ्या आत्याचंही नाव तक्रारीत सरसकट घातलं जातं, हे सर्वोच्च न्यायालयानंही निकालांत वेळोवेळी नोंदवलंय. म्हणून ती निर्दोष असेलच असं मी म्हणत नाही. कागद वाचा, एवढंच म्हणते. तिच्याकडे एफआयआरची प्रत असेल, ती मागून घ्या. खटला कुठवर आलाय ते ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर खटल्याच्या क्रमांकावरून पाहता येतं. तक्रारीत तिनं प्रत्यक्ष काय केलं असं लिहिलंय ते शोधा. ‘सासू, नणंद टोमणे मारायच्या’ एवढंच असेल तर एक गोष्ट. मारहाण असेल, चटके दिल्याचं असेल, भावजयीच्या लेकराला उपाशी ठेवल्याचं असेल, तर मात्र निकालाची वाट न पाहता तिला मुलांपासून दूर ठेवा. आरोप आणि गुन्हा यांतला फरक न्यायालय पाहील. तुम्हाला शिक्षा सुनवायची नाहीये, दहा महिन्यांचं बाळ कोणाच्या हातात द्यायचं एवढंच ठरवायचंय, आणि त्याचे निकष जास्त कडक असलेले चालतात. पॉक्सो, मुलांना क्रूरपणे वागवणं, पळवून नेणं, लैंगिक गुन्हा यांतलं कोणाच्याही नावावर काही निघालं, अगदी खटला चालू असला तरी, तर मग माणूस कितीही गोड असो, मुलांच्या जवळ नाही. यात मी तडजोड सांगणार नाही.

एक मात्र विसरू नका. तुम्ही विचारण्याआधी तिनं आपणहून सांगितलं. कामावरून काढलं जाईल ही भीती असताना सांगितलं. हातावर पोट असलेल्या बाईसाठी हे सोपं नसतं. तुम्ही तिला तडकाफडकी घालवलंत, तर मावशी बघतील, पुढची येणारी बाई ऐकेल, आणि पुढच्या वेळी तुम्हाला कोणी काही सांगणार नाही.

दाखले ग्रुपवर टाकायचे नाहीत. त्यावर आधार क्रमांक असू शकतो, घरचा पत्ता असतो, फोटो असतो. तो कागद दहा-बारा घरांत जाईल, तिथून आणखी कुठे कुठे फिरेल, आणि ४९८-अ चा उल्लेख असेल तर त्या पोरीला चाळीत राहणं मुश्कील होईल. एक फाइल करा, सहाही दाखले त्यात लावा, ज्या पालकांना बघायचंय त्यांना समोर बसवून दाखवा. चालू खटल्याबद्दल कोणी थेट विचारलं तर खोटं बोलू नका, तुम्ही कागद वाचून काय ठरवलंत ते सांगा. आधी त्या ताईला विचारून, आणि तिच्यासमोर.

दाखले आले म्हणजे झालं, असं मात्र धरू नका. २०१६ मध्ये खारघरच्या एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या बाळाला आयानं मारल्याचं प्रकरण तुम्हाला आठवत असेल. तिथे कॅमेरा होता. पण चित्रीकरण पाहिलं गेलं ते बाळाला मार बसून गेल्यावर. म्हणून मला तुमच्या घराची मांडणी जास्त महत्त्वाची वाटते. दोन खोल्यांचं घर असेल, तर मुलांची खोली आणि न्हाणीघर कुठून दिसतं? लंगोट बदलायची जागा बाहेरच्या खोलीतून दिसेल अशी ठेवा. शी-शूला नेताना दार पूर्ण लावायचं नाही, आणि हे काम फक्त बायकांनीच करायचं. मिस्टरांचं ऑफिसचं टेबल मुलांच्या खोलीत असेल तर ते हलवा. दुपारी मुलं झोपलेली असताना एकच मोठं माणूस दार लावून आत, असं कधीही होऊ देऊ नका. रिक्षात सगळ्यांत शेवटी उतरणारं मूल एकटं किती मिनिटं असतं, ते घड्याळ लावून मोजा. बहुतेक ठिकाणी याचा विचारच झालेला नसतो. वेळ जास्त निघाली तर दोघा भावंडांना शेवटी उतरवायचं, असा क्रम लावता येतो.

आणि पालकांना केव्हाही, न सांगता येऊ द्या. प्रसूती लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीनं पन्नास किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक केली, आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जायची मुभा दिली. तुमच्या पाळणाघराला ते कलम लागू नाही, पण ‘मुलांना सवय मोडते’ म्हणून आईला दारातच थांबवणारी पाळणाघरं मी पाहिली आहेत, आणि मला ती आवडत नाहीत.

शेवटचं, नको वाटलं तरी वाचा. उद्या एखाद्या मुलानं काही सांगितलं, किंवा अंगावर खूण दिसली आणि शंका आली, तर घरातल्या घरात चौकशी करत बसू नका. मुलाला परत परत खोदून विचारू नका. पॉक्सोच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं हे तुमचं कायदेशीर कर्तव्य आहे, न कळवण्याला शिक्षा आहे, आणि संस्था चालवणाऱ्याला ती जास्त, वर्षभरापर्यंत कैद आहे. प्रामाणिकपणे कळवलंत आणि पुढे शंका खोटी ठरली, तर तुमच्यावर काही येत नाही, तेही त्याच कलमात आहे. १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक दारामागे मोठ्या अक्षरांत लावा. माणूस घरचा असला तरीही कळवायचं. घरचा असेल तेव्हा हात जास्त थरथरतो, म्हणून हे आत्ताच मनाशी ठरवून ठेवा.

पालकांना काय लिहावं असंही तुम्ही विचारलंय. मी असं लिहीन:

‘नमस्कार. आपल्या पाळणाघरात मुलांच्या आसपास असणाऱ्या सगळ्या मोठ्या माणसांची पोलीस पडताळणी आम्ही करून घेत आहोत. मी, माझे पती, माझा मुलगा, आमच्या दोघी मदतनीस आणि रिक्षावाले काका असे आम्ही सहाजण आहोत. हे आधीच करायला हवं होतं. दाखले आले की पाळणाघरात येऊन कोणीही पाहू शकेल, ग्रुपवर ते टाकले जाणार नाहीत. दिवसभरात केव्हाही, न कळवता या. फक्त एक ते तीन मुलं झोपलेली असतात, तेव्हा बेल न वाजवता कडी हलकेच वाजवा.’

पाठवण्याआधी दोघींना वाचून दाखवा. मावशींना त्यातला एखादा शब्द बदलावासा वाटला, तर बदला.